डावी नळी

“पद्मा, गाडी ढकल बघू जरा.”

अण्णांनी सांगितलं तशी मी हँडल धरून गाडी ढकलली. चार पावलं गेली आणि जागीच रुतली. मागचा मडगार्ड मातीनं गच्च भरला होता, चाक फिरायलाही जागा नव्हती.

“बघितलंस? नुसतं ढकलायला ही तऱ्हा. त्यात तू वर बसणार, उड्या मारणार. हाय तसा फोर्क ठिवला तर पहिल्याच उडीत तळाला बसंल.”

“मग कडक करा की.”

“तेच करतोय. पातळ तेल काढतो, दाट घालतो. तू बूट घाल जा. हितं उभं राहून माझं डोकं खाऊ नको.”

आदल्या रात्री माळावर पाऊस कोसळला होता. संयोजकांनी उड्यांचे उंचवटे तलावातला गाळ आणून बांधले होते. वाळल्यावर तो गाळ दगडासारखा होतो म्हणे. पण वाळायला ऊन पाहिजे ना. सकाळी बघतो तर सगळा ट्रॅक म्हणजे म्हशी बसवाव्यात असा. सराव रद्द झाला. आता थेट शर्यतच, असं माइकवरून सांगितलं, तेव्हा निम्म्या रायडरांनी शिव्या घातल्या. मी घातल्या नाहीत. चिखलात मी गाडी चांगली चालवायचे. किंवा असं म्हणू, बाकीच्या घाबरायच्या आणि मला घाबरायची अक्कल नव्हती.

मोटोक्रॉसची गाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना एवढं सांगते की तिच्या पुढच्या चाकाला दोन लांब नळ्या धरून असतात. प्रत्येक नळीत एक स्प्रिंग आणि तेल. उंच उडीवरून गाडी खाली आली की स्प्रिंग दबते आणि तेल त्या दबण्याला आवरून धरतं. तेल नसेल तर गाडी आपटते आणि चालवणाऱ्याला फेकून देते. या नळ्यांच्या जोडीला फोर्क म्हणतात, आणि फोर्क म्हटलं की त्या काळी आमच्याकडं एकच नाव निघायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले फोर्कवाले मगदूम, म्हणजे माझे अण्णा.

गोव्याहून, नाशिकहून लोक नळ्या पोत्यात गुंडाळून आणायचे. अण्णा गाडीचं हँडल एकदा दाबून सोडायचे, कान तिरका करायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. स्वभावानं मात्र तिरसट. कुणी “अण्णा, घाई आहे” म्हणालं की त्याचं काम सगळ्यात शेवटी. माझ्या आयुष्यातली पहिली गाडी त्यांनी भंगारातून जोडून दिली होती आणि पहिल्या दिवशी मी पडले तेव्हा आधी गाडी उचलली होती. आईनं त्यावरून त्यांना जन्मभर ऐकवलं.

त्या दिवशी मात्र अण्णा सकाळपासून उताविळीनं वावरत होते, कारण रेगे आले होते. पुण्याचे रेगे एका मोठ्या टीमचे मॅनेजर. त्यांना त्या वर्षी टीममध्ये एक मुलगी घ्यायची होती. एकच. गाडी टीमची, वर्षभर सराव, परदेशात शर्यती. मी आणि नाशिकची मृणाल, अशा दोघींवर त्यांची नजर होती. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, “आज जी पुढं, ती माझी.” पुढच्या वर्षी मी त्यांच्या वयाच्या अटीत बसत नव्हते. तेव्हा हीच एक शर्यत होती. पुढं काही नव्हतं.

मी तंबूच्या कडेला बसून बूट आवळत होते, तोवर रेगे छत्री घेऊन आले.

“मगदूम, फोर्क उघडलात? आत्ता?”

“चिखलाला दाट तेल लागतंय, साहेब.”

“तुम्हाला कोण शिकवणार? जरा आमच्या गाडीचा मागचा शॉक ॲब्सॉर्बर बघता का? आमच्या पोरांना काही उमगत नाहीये.”

अण्णांचा चेहरा असा खुलला की मला हसू आलं. पुण्याची टीम अडली आणि मगदूमांकडं आली! हातातला पाना तसाच घेऊन ते रेग्यांच्या मागं गेले. परत आले ते बऱ्याच वेळानं, छाती काढून. नळ्यांची टोपणं आवळली आणि हाक मारली, “राजमाने, चाक धर!”

राजमाने म्हणजे अण्णांचे जुने भागीदार. ते वारून कितीतरी वर्षं झाली होती. चाक धरायला उभा होता माझा आत्तेभाऊ अभिनंदन. आमचा टेम्पो तोच चालवायचा.

“मामा, राजमान्यांना वरनं बोलवू काय?” अभ्या म्हणाला. आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले, पण जरा उशिरा.

मी गाडीवर बसून हँडल दाबलं. “अण्णा, मऊ लागतंय की.”

“नळीला किलोकिलो माती चिकटलीया. मऊच लागंल. ट्रॅकवर कळंल तुला.”

मी मान हलवली. फोर्कच्या बाबतीत अण्णांना उलट विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

शर्यत सुटली आणि पहिल्याच वळणावर मी पुढं गेले. सुटताना जी पुढं तिच्या डोळ्यांत चिखल जात नाही, बाकीच्यांच्या जातो. एवढं एक शहाणपण मला होतं. मागं कुणीतरी घसरून पडल्याचा आवाज आला. मी गॅस सोडला नाही.

पहिल्या मोठ्या उडीनंतर चाक टेकलं आणि खट्‌ असा आवाज झाला. लोखंडावर लोखंड बसल्याचा. मनगटं झिणझिणली. म्हटलं, आत माती गेली असेल. पुढच्या उडीला पुन्हा खट्‌. पुढचं चाक खाली जायचं ते एकदम जायचं आणि वर यायचं तेही उसळी मारून. मी गाडीशी बोलायला लागले, “एवढी आज निभाव गं बाई, उद्या तुला सोन्यानं मढवते.” दुसऱ्या फेरीपर्यंत चष्म्यावर एवढा चिखल साचला की मधली एक फट तेवढी दिसत होती. ट्रॅकच्या कडेला मेकॅनिक थांबतात त्या पिटमध्ये कोण उभं आहे, कोण काय खुणा करतंय, काही कळत नव्हतं. मागं मृणालच्या गाडीचा आवाज होता, कधी जवळ, कधी लांब. ती पुढं जात नव्हती, एवढं मला पुरेसं होतं.

शेवटच्या फेरीत टेबल आलं. टेबल म्हणजे वर सपाट असलेला मोठा उंचवटा. एका बाजूनं चढायचं, हवेतून सगळं ओलांडायचं आणि पलीकडच्या उतारावर उतरायचं. त्यानंतर एक वळण आणि झेंडा. आधीच्या फेऱ्यांत मी ते जपून ओलांडलं होतं, आता पूर्ण गॅस दिला. हवेत असताना मला वाटलं होतं, झालं, जमलं. ते वाटणं मला अजून आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं.

चाक उतारावर टेकलं आणि फोर्क बसला तो बसलाच. हँडल हातातून निसटलं. मी गाडीच्या पुढं जाऊन पडले आणि गाडी माझ्या गुडघ्यावर आली. मृणाल बाजूनं गेली. तिच्या मागून आणखी कुणीतरी गेलं. तोंडात गाळ होता. मी उठायला गेले, पण पाय माझा नसल्यासारखा झाला होता.

अभ्यानं मला पाठीवर घेऊन तंबूत आणलं आणि डब्यावर बसवलं. गाडीही कुणीतरी ढकलत आणून टेकवली. अण्णा बर्फ आणायला गेले होते. डॉक्टर दुसऱ्या पोरीकडं होते. मी रडत नव्हते, मी संतापले होते.

“उघड तो फोर्क,” मी अभ्याला म्हणाले.

“आत्ता? आधी गुडघा बघू या की.”

“गुडघ्याचं मरू दे. सील फाटलंय नक्की. उघड.”

मातीत वाळूचे कण असतात. ते नळीबरोबर वर चढतात, रबरी सील कापतात आणि तेल गळून जातं. चिखलात असं नेहमी होतं. आजूबाजूचे सगळे तेच म्हणत होते, सील गेलं, चिखलानं घात केला. अभ्यानं उजव्या नळीवरची माती पुसली. तेलाचा माग नाही. डावीवरची पुसली. तिथंही नाही. सील शाबूत, नवं कोरं. त्यानं उजव्या नळीचं टोपण काढलं. आत तेल होतं, पाहिजे तेवढं, दाट. मग डावीचं काढलं, आत बोट घातलं आणि माझ्याकडं बघितलं.

“पद्माक्का.”

“काय?”

त्यानं नळी सोडवली आणि वाकडी करून माझ्यासमोर धरली. एक थेंब पडला नाही. गळून गेलं असतं तर नळी बाहेरून माखली असती. इथं तेल गेलंच नव्हतं. कारण ते घातलंच नव्हतं. अण्णांनी दोन्ही नळ्या रिकाम्या केल्या होत्या आणि एकच भरली होती.

आधी मला राग आला. मग राजमान्यांना मारलेली हाक आठवली. गेल्या महिन्यात अण्णा उद्यमनगरातून घरी यायला निघाले आणि भलत्याच गल्लीत जाऊन उभे राहिले होते, तेही आठवलं. एकच मिठाचा पुडा तीनदा आणला म्हणून आई चिडली होती. प्रत्येक वेळी आम्ही हसलो होतो. आता हसू येईना. फोर्क भरताना एक नळी विसरणं अण्णांना शक्य नव्हतं. हे करणारा माणूस अण्णा नव्हता, किंवा अण्णांमधलं काहीतरी जायला लागलं होतं. गुडघा विसरले, शर्यत विसरले.

“बंद कर ते,” मी म्हणाले.

“अक्का, पण मामांना...”

“कुणाला न्हाई सांगायचं. शपथ हाय तुला. बंद कर.”

अभ्यानं टोपण आवळलं आणि तेवढ्यात रेगे आत आले. त्यांनी छत्री मिटली, माझ्या गुडघ्याकडं बघितलं, मग गाडीकडं.

“लागलं का फार?”

“न्हाई.”

“हे बघ पद्मजा, मी सगळी शर्यत बघितली आहे. तू मृणालच्या पुढं होतीस. तुझी गाडी पुढून बसत होती, मला दिसत होतं. गाडीचा दोष असेल तर तो रायडरचा नाही. आमचा मेकॅनिक बोलावतो. फोर्क उघडू. आत काही निघालं तर पुढच्या आठवड्यात पुण्याला तुमची दोघींची चाचणी घेतो, आमच्या गाड्यांवर. हे मी माझ्या जबाबदारीवर करेन.”

दार पुन्हा उघडत होतं. टोपण काढायचं आणि नळी दाखवायची, एवढंच. पण मग पुण्याचे मेकॅनिक वाकून बघणार. तासाभरात अख्ख्या पिटमध्ये बातमी. फोर्कवाल्या मगदूमांनी स्वतःच्या पोरीच्या गाडीत तेल घातलं नाही! त्यानंतर उद्यमनगरात कोण पोतं घेऊन येणार होतं? आणि अण्णांना काय सांगायचं? तुमचं डोकं काम देईना झालंय म्हणून?

तंबूच्या तोंडाशी अण्णा बर्फाची बादली घेऊन उभे होते. कधी आले कळलं नाही.

“काय म्हणता साहेब? फोर्क?” त्यांचा आवाज खोल गेला होता.

“फोर्क बरोबर होता,” मी म्हणाले. “माझं चुकलं, साहेब. टेबलावर गॅस कमी पडला.”

रेग्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. “नक्की?”

“नक्की. हात दमलं होतं.”

“मग माझा नाइलाज आहे,” ते म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना, असं आजही वाटतं.

आणि मग अण्णा माझ्यावर ओरडले. तंबूत, रेग्यांसमोर, बाहेर जमलेल्या पोरांसमोर. “किती येळा सांगितलंय, टेबलावर गॅस सोडायचा न्हाई! इतकं करून दिलं, सगळं मातीत घातलंस!” त्यांनी बादली आपटली. बर्फ चिखलात सांडला. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मनात म्हणत होते, ओरडा अण्णा, ओरडा. तुम्हाला काही कळलेलं नाही, बरं झालं. रेगे निघून गेले. अभ्या पाठमोरा होऊन चाक पुसत राहिला. ते चाक केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मृणाल पुढं मोठी झाली. तिचे फोटो पेपरात यायचे, आई ते पान आधीच काढून ठेवायची. माझा गुडघा पहिल्यासारखा झाला नाही. गाडी मी विकली. उद्यमनगरातलं दुकान चालवायला घेतलं, कारण अण्णांनी फोर्कचं काम सोडलं. त्या शर्यतीनंतर त्यांनी एकही फोर्क उघडला नाही. डोळे दुखतात म्हणायचे. आलेली पोती परत पाठवायचे. मला वाटायचं, विसराळूपणाच त्यांना कामापासून लांब नेतोय, बिचाऱ्यांना स्वतःला काही माहीत नाही. पुढं डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा आई कोसळली. मी कोसळले नाही. मला ते आधीच माहीत होतं, एका कोरड्या नळीपासून.

शर्यतीचा विषय निघाला की अण्णा अजून चिडायचे, “हिनं गॅस सोडला.” पाहुण्यांसमोर, माझ्या नवऱ्यासमोर. मी म्हणायचे, “व्हय, माझीच चूक.” ते म्हणणं सवयीचं झालं होतं. कधी कधी वाटायचं, सांगून टाकावं एकदा. पण ज्या माणसाचं सगळंच सुटत चाललंय त्याच्या हातून हेही का काढून घ्यायचं?

आई गेल्यावर अण्णांना मी माझ्याकडं आणलं. तोवर ते माणसं विसरायला लागले होते. आधी अभ्याला, मग माझ्या नवऱ्याला. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी तोंड बाजूला घेतलं आणि माझ्याकडं नीट बघितलं.

“बाई, तुम्ही कुठल्या?”

मला तोपर्यंत अण्णांनी कधी परकं केलं नव्हतं. “हितलीच,” मी म्हणाले.

“दवाखान्यातल्या काय? लई करता तुम्ही माझं. माझी बी एक पोरगी हाय. तुमच्याएवढीच असंल.”

“व्हय? कुठं असती?”

“परदेशात. गाड्या चालवती. लई नाव काढलंय.” ते समाधानानं हसले. मग हसू ओसरलं. त्यांनी माझा हात धरला आणि जवळ ओढला. “तुम्ही तिला काही सांगू नका बाई. मी पाडलं तिला.”

“तुम्ही?”

“डाव्या नळीत तेल घालायचं राहिलं. साहेबानं बोलवलं, गेलो, इसरलो. गाडी सुटल्यावर बघतोय तर माप भरल्यालं तसंच खाली हाय. दाट तेल. एका नळीचं.”

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. “मग थांबवायचं की तिला. पिटमधनं खूण करायची.”

“साहेब शेजारी हुभं होतं,” अण्णा म्हणाले. “म्हणत होतं, मगदूम, काय फोर्क बसवलाय तुम्ही, पोरगी उडतीया! हात वर केला असता तर त्यास्नी कळलं असतं. म्हटलं, निभावंल. दोन फेऱ्या निभावलं की. तिसऱ्यांदा पुढनं गेली तवा हात वर न्यायला लागलो. साहेबानं इचारलं, काय झालं? म्हटलं, काय न्हाई.”

“मग?”

“मग टेबल आलं.”

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, विसरले.

“तिनं चूक अंगावर घेतली, बाई. माझ्यासमोर. आणि मी घेऊ दिली. वर ओरडलो तिच्यावर. जोरात ओरडलो, म्हणजे कुणी फोर्क उघडू नये.”

मला उठून जायचं होतं. त्यांना गदागदा हलवून विचारायचं होतं, इतकी वर्षं? पाहुण्यांसमोर, माझ्या नवऱ्यासमोर? माझा गुडघा, माझी गाडी, माझं सगळं, वर न केलेल्या त्या एका हातासाठी? पण भांडायचं कुणाशी? ज्यांनी हे केलं ते अण्णा केव्हाच गेले होते. समोर एक म्हातारा होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो माझा हात सोडत नव्हता.

“सांगणार न्हाई नव्हं तिला? ती सुखात हाय तिथं. उगं तिच्या जिवाला घोर.”

“न्हाई सांगत,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं. पेज निवली होती. मी दुसरा चमचा भरला.